त्या बाजाला हवा कुठून मिळते?

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
२२ जून

तीर्थस्वरूप आजोबांना साष्टांग नमस्कार.

नमस्कारानंतर ‘विनंती विशेष’ लिहायचं असतं, हे तुमचंच शिकवणं. तर विनंती आहे आणि ती विशेषही आहे, पण ती शेवटी. आधी इकडची हालहवाल. (‘हालहवाल’खाली तुम्ही लाल रेघ माराल. मारा. जन्मले भोपाळमध्ये, त्याला माझा काय इलाज!)

आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांच्या ऑफिसात बदल्यांचा मोसम चालू आहे, त्यामुळे ते घरी येऊन फक्त कोण कुठे गेलं तेवढंच सांगतात. आईची कंबर आता बरी आहे. कूलरमध्ये नवीन गवत बसवलं तरी तो गरमच हवा फेकतो. तुम्ही फोन घेत नाही, जीभ जड होते आणि पलीकडचा माणूस ‘काय? काय?’ करतो त्याचा तुम्हाला संताप येतो, असं विक्रांतकाका म्हणाला. म्हणून हे पत्र. कागद काही ‘काय? काय?’ करत नाही.

सोनालीकाकूनं तुम्हाला काय सांगितलं तेही मला कळलं. ‘मृणालनं पेटी बंद केली आणि इंग्रजी पियानोच्या नादाला लागली.’ काकूला उज्जैनला बसून भोपाळची बित्तंबातमी असते, कमाल आहे. पण यात खोटं काही नाही. मी पियानो शिकते आहे. सोळाव्या वर्षी. सगळे म्हणतात, ही काय वेळ आहे का, पियानोवाली मुलं पाचव्या वर्षी सुरुवात करतात. करू देत. मी आत्ता केली.

झालं असं की शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात कीबोर्ड वाजवणारी मुलगी कांजिण्या घेऊन घरी बसली. कुणीतरी म्हणालं, ती मृणाल हार्मोनियमवाली आहे, तिला बसवा. मी बसले. उजव्या हातानं सगळं व्यवस्थित वाजवलं, एक सूर चुकला नाही. पण हॉलमध्ये लोक हसायला लागले. मला कळेना काय झालं. नंतर परीक्षक म्हणून आलेल्या सूझन मिस जवळ आल्या आणि म्हणाल्या, “बेटा, दायाँ हाथ तो कमाल है. पर बायाँ हाथ क्या कर रहा था? मच्छर मार रहा था?”

आजोबा, माझा डावा हात कीबोर्डच्या मागे हवेत भाता मारत होता! गाणं संपेपर्यंत. मला पत्ताच नाही.

मला इतकी लाज वाटली की विचारू नका. पण घरी येताना बसमध्ये दुसरंच डोक्यात आलं. या बाजात डाव्या हाताला भात्याचं काम नाही, म्हणजे तो मोकळा आहे. मोकळा आहे तर त्याला वाजवता येईल. दोन्ही हात वाजवतात, आणि दोन्ही वेगवेगळं! दुसऱ्या दिवशी मी सूझन मिसच्या घरी पिपलानीला जाऊन उभी राहिले. त्या रिटायर झाल्या आहेत, केरळच्या, पण इतकी वर्षं इथे काढली की भांडतातसुद्धा भोपाळी हिंदीत. म्हणाल्या, रोज रियाज करशील तरच शिकवीन. मी म्हटलं, करीन.

करीन म्हटलं खरं, पण कशावर? त्यांच्याकडे जायला दोन बस लागतात. घरी मी ओट्याच्या कडेवर बोटं चालवते. बाबा म्हणतात, “ओटा सुरात लावून घेतलास का?” ते चेष्टा करतात, पण माझ्याबरोबर दुकानंही हिंडतात. न्यू मार्केटमधल्या दुकानातल्या पियानोची किंमत ऐकून ते म्हणाले, “चल, समोर लस्सी पिऊ.” जहांगीराबादला एका भंगारवाल्याकडे खरा लाकडी पियानो होता. झाकण उघडलं तर आत वाळवी. मी एक पट्टी दाबली तर ती खालीच राहिली, वर आलीच नाही. स्वस्तातला छोटा कीबोर्ड मिळेल, पण सूझन मिस म्हणतात त्याचा उपयोग नाही. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्यानं, पियानोत होतो तो बोटाच्या जोरानं. म्हणून पट्ट्या जड हव्यात, नाहीतर बोटं आयुष्यभर कच्ची राहतात.

आता विनंती. न्यू मार्केटचा दुकानदार म्हणाला, घरात जुनी पेटी असेल तर घेऊन या, किमतीत वळती करतो. बाबांनी घरी आल्यावर तुमच्या पेटीकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण मला ते बघणंच आवडलं नाही. बाबांनी तुम्हाला विचारलं तर तुम्ही सरळ नाही म्हणा. पेटी विकायची नाही.

मग वाजवत का नाहीस, असं तुम्ही विचारालच. वेळ नाही हो आजोबा. अकरावीचा अभ्यास किती असतो!

औषधं वेळेवर घ्या. काकूला त्रास देऊ नका.

तुमची
मृणाल

---

भोपाळ
१३ जुलै

तीर्थस्वरूप आजोबा,

नमस्कार. आज साष्टांग नाही. मी रागावले आहे.

तुमचं कार्ड मिळालं. मी एवढं मोठं पत्र लिहिलं आणि तुम्ही उत्तर काय पाठवलंत? ‘पेटी विकून टाक. वाजवायची नाही तर घरात अडगळ कशाला. आशीर्वाद.’ आशीर्वाद! हे असं लिहून वर आशीर्वाद! आईनं ते कार्ड वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बाबा म्हणाले, “आता त्यांनीच परवानगी दिली म्हटल्यावर…” मी त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

ऐका. पेटी मी विकणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही. तुमच्या नातवंडांत हट्टी कोण, असं विचारल्यावर तुम्हीच माझ्याकडे बोट दाखवायचात ना, मग आता भोगा.

आणि अभ्यासाचं मी खोटं लिहिलं. अभ्यास मी तसाही फारसा करत नाही.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. आपण दोघंही त्याविषयी बोलत नाही, एवढंच. दिवाळीत पाडव्याला सकाळी सगळ्यांनी तुमच्यामागे लकडा लावला की वाजवा, थोडं तरी वाजवा. अर्धांगवायूनं डावा हात गेला म्हणून काय झालं, उजवा आहे की, मृणाल भाता मारेल. काकानं पेटी समोर ठेवली. मी पलीकडे बसले. लहानपणी आपण असंच वाजवायचो. माझी बोटं पट्ट्यांवर पुरायची नाहीत तेव्हा मी फक्त भाता मारायचे आणि तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, “हा माझा डावा हात.” म्हणून मला वाटलं होतं की मजा येईल.

तुम्ही यमन सुरू केलात. सुरेख चाललं होतं. मध्येच माझं लक्ष तुमच्या मांडीवर गेलं. शालीखाली तुमचा डावा हात होता आणि त्याचा अंगठा किंचित हलत होता, भात्याच्या लयीत. मी बघत राहिले आणि माझा भाता चुकला. सूर खाली बसला. तुम्ही थांबलात, पेटी पुढे ढकललीत आणि म्हणालात, “दुसऱ्याच्या हवेवर मी वाजवत नाही.”

सगळ्यांनी विषय बदलला. आईनं फराळ आणला. दुसऱ्या दिवशी तुम्ही काकाला म्हणालात, “ही पेटी नजरेसमोर नको, भोपाळला पाठव.” आणि ती आमच्याकडे आली, मला बक्षीस दिल्यासारखी.

तेव्हापासून मी भात्याला हात लावला की मला तो अंगठा दिसतो. मग पुढे काही वाजत नाही. दोनचार वेळा करून बघितलं, नाही जमलं. म्हणून तिच्यावर खोळ घातली. तुम्हाला वाईट वाटलं हे मला कळतं. लोकांसमोर तसं बसणं तुम्हाला किती जड गेलं असेल, तेही कळतं. पण मलाही लागलं ना! दुसऱ्याच्या हवेवर म्हणे. मी दुसरी कशी, आजोबा? मी दुसरी कधीपासून झाले?

लिहिलं एकदाचं. आता पुढची बातमी, कारण मी रडत बसणाऱ्यांपैकी नाही.

आपल्या मराठी मंडळातल्या मंजूषामावशी तुम्हाला आठवतात ना, मोठं कुंकू आणि मोठा आवाज? त्यांच्या भजनी मंडळाची चातुर्मासात दर गुरुवारी भजनं असतात. त्यांचे पेटीवाले गृहस्थ मुलाकडे पुण्याला गेले. मावशी आईला म्हणाल्या, “तुझ्या पोरीला बसव की. मानधन देऊ.” आईनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. पियानो घ्यायचा तर पैसे कुठूनतरी यायला हवेत, आणि मला दुसरं येतं काय? मला पेटीच येते.

हो म्हटल्यावर मात्र घाम फुटला. गुरुवारी खोळ काढली. भात्यावर हात ठेवला. अंगठा दिसायचा तो दिसलाच. समोर पंधरावीस बायका टाळ घेऊन तयार, मावशींनी सूरसुद्धा न मागता गायला सुरुवात केली, आणि त्या अशा काही पट्टीत चढल्या की मला विचार करायला वेळच मिळाला नाही! सूर शोधत त्यांच्यामागे धावले. संपल्यावर माझा चेहरा ओला होता. मावशींना वाटलं मला भक्तीनं भरून आलं. त्यांनी मला दोन पेढे जास्त दिले.

म्हणजे आता दर गुरुवारी तुमची पेटी वाजते आहे. अडगळ नाही ती. तेवढं वाक्य मागे घ्या.

मृणाल

---

भोपाळ
१६ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आजोबांना साष्टांग नमस्कार. (आज साष्टांग आहे.)

तुम्ही माझं पत्रच मला परत पाठवलंत, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, न वाचताच परत केलंत. मग बघते तर ठिकठिकाणी लाल रेघा. ‘हट्टी’चं शुद्धलेखन बरोबर असल्याची खूणसुद्धा! आणि शेवटी तुमच्या अक्षरात: ‘बायका चढल्या तर मागे धावू नये. षड्ज धरून बसावे, त्या आपोआप परत येतात. भाता ओढू नये, सोडावा.’ मी पुढच्याच गुरुवारी करून बघितलं. खरंच आल्या हो परत! मंजूषामावशी म्हणाल्या, “आज माझा आवाज काय लागला ना!” मी म्हटलं, हो मावशी.

मी विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र तुम्ही दिलं नाहीत. त्या ओळीखाली रेघही नाही आणि बाजूला काही लिहिलेलंही नाही. फक्त कागदाच्या मागे, अगदी कोपऱ्यात: ‘त्या बाजाला हवा कुठून मिळते?’

सांगते. पण आधी तो आला कसा, ते ऐका.

हबीबगंजला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये श्रीवास्तव आंटी राहतात. त्यांच्या नवऱ्याची जबलपूरला बदली झाली. (हे बाबांना बदल्यांच्या बातम्यांमधूनच कळलं, म्हणजे त्या बातम्यांचा शेवटी उपयोग झाला.) त्यांच्या मुलानं हौसेनं विजेवरचा पियानो घेतला होता, पूर्ण लांबीचा, जड पट्ट्यांचा. मुलगा हॉस्टेलला गेला आणि पियानोवर इस्त्रीचे कपडे आले. आम्ही गेलो तेव्हा चादरी, उशांचे अभ्रे आणि अंकलचा युनिफॉर्म उचलल्यावर खाली पियानो सापडला. आंटी म्हणाल्या, “एक डीलर भी आ रहा है सोमवार को. पर पहले तुम बजाके दिखाओ.”

मी बसले. सूझन मिसनं शिकवलेला धडा वाजवला. साधाच आहे, पण दोन्ही हातांचा. डावा हात एकदा उचलून भात्याकडे निघाला होता, मी त्याला वाटेत पकडून परत पट्टीवर बसवला. आंटी कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभ्या होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “चिंटू तो एक हाथ से भी नहीं बजाता था.” आणि त्यांनी किंमत उतरवली. तरी आमच्याकडे होते त्यापेक्षा जास्तच. आणि पैसे सोमवारच्या आत द्यायचे होते.

मंडळाचं मानधन चातुर्मास संपल्यावर मिळणार. मी तशीच मावशींच्या घरी गेले. त्या मोदकाचे साचे धुऊन ठेवत होत्या. मी म्हटलं, “मावशी, सगळे पैसे आत्ता द्या, मी कार्तिकी एकादशीपर्यंत एकही गुरुवार चुकवणार नाही. परीक्षा असली तरी येईन.” त्या म्हणाल्या, “आणि ताप आला तर?” मी म्हटलं, “ताप घेऊन येईन.” त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, “आजोबांवर गेली आहेस अगदी. नरहरराव असेच समोर उभे राहायचे, नाही म्हणायची सोयच नसायची.” आणि कपाट उघडलं.

राहिले ते बाबांनी घातले. त्यांना नवीन फोन घ्यायचा होता. मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, “जुन्या फोनवरही बदल्यांच्या बातम्या येतात.”

लोडिंग ऑटोतून पियानो आला. जिन्यात अडकला, दरवाज्यात अडकला, हात लावायला आलेल्या शेजारच्या भाग्यश्रीताईनं आमच्या फुलदाणीचं बलिदान दिलं, पण आला. आतल्या खोलीत खिडकीखाली ठेवलाय. शेजारीच पेटी आहे. सूझन मिस म्हणतात, अजून दोन वर्षं मन लावून केलंस तर परीक्षेला बसवते. मी बसणार आहे. पाचव्या वर्षी सुरू केलेल्या पोरांच्या रांगेत मी सगळ्यात उंच असेन, असू दे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आजोबा, त्या बाजाला हवा लागतच नाही. भाता नाही, काही नाही. बोट ठेवलं की सूर. हळू ठेवलं की हळू, जोरात ठेवलं की जोरात. दुसरं कुणी लागत नाही. मी काल फक्त उजव्या हातानं तुमचा यमन वाजवून बघितला. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड येत नाही हे आधीच सांगते, आणि तुम्ही नाक मुरडाल हेही मला माहीत आहे, पण मींड तशी पेटीवर तरी कुठे येते? त्यावर तुम्ही जन्मभर तोडगे काढलेत, यावरही काढाल.

तुम्ही म्हणालात, दुसऱ्याच्या हवेवर वाजवणार नाही. ठीक आहे, नका वाजवू. इथे कुणाचीच हवा नाही. तुमची बोटं आणि तुमचा सूर. मी मध्ये येणार नाही, खोलीत थांबू नको म्हणालात तर बाहेर जाऊन बसेन. आणि जो उजवा हात माझ्या चार पानांवर एवढ्या लाल रेघा ओढू शकतो, तो थकला आहे असं मला सांगू नका.

विक्रांतकाका दसऱ्याला गाडी घेऊन इकडे येतोय. मी त्याला सांगितलं आहे की पुढची सीट मागे करून उशी ठेव. आपल्या जिन्याला आता दोन्ही बाजूंनी कठडा आहे, मधल्या वळणावर आई खुर्ची ठेवणार आहे. सूझन मिसनं त्यांचं लांब बाक दिलं आहे, कारण पियानोवर कधीकधी दोन माणसं शेजारी बसतात. एकजण उजवीकडचं वाजवतो, दुसरा डावीकडचं. मोठमोठे लोकही असं बसतात, त्यात कमीपणा नसतो. मी विचारून घेतलं.

म्हणजे मी तुमच्या डाव्या बाजूला बसेन. तुम्ही कललात तर माझा खांदा आहे, तो कुणाला दिसणारही नाही. सुरुवातीला मी डाव्या हातानं नुसता षड्ज धरून ठेवीन, तुम्ही कितीही लांब जाऊन या. मग जमलं तर थोडं जास्त.

मी दुसरी कशी, या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवू नका. येऊन बसा, म्हणजे मला कळेल.

डावीकडची जागा धरून, तुमच्या उजव्या हाताची वाट बघणारी,
तुमचीच
मृणाल